हवाई हद्द, वेगमर्यादा आणि वैमानिकाचे अवधान : चिकलठाणा अपघाताची (१९९३) पूर्वपीठिका

हवाई हद्द व वेगमर्यादा या दोन कल्पनांचा विचार सामान्यतः वेगवेगळ्या शास्त्रांत केला जातो. हद्द हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय मानला जातो, तर वेग हा यंत्रशास्त्राचा. ग्रंथालयांतील कपाटेही त्याप्रमाणे वेगळी असतात. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र हा भेद टिकत नाही. नकाशावर जी रेघ ठळक दिसते ती आकाशात कोठेही आखलेली नसते. तेथे दगड नाही, नाका नाही, की नदीचे पात्र नाही. अमुक स्थळ अमुक वेळी मागे पडले, तेव्हापासून अमुक वेगाने इतकी मिनिटे प्रवास झाला, म्हणजे आता हद्द आली असली पाहिजे, असे त्याला गणिताने ठरवावे लागते. रेडिओदर्शक व रडार आल्यानंतर या गणिताचा भार पुष्कळ हलका झाला, पण तो नाहीसा झाला नाही. सारांश, वैमानिकाचे हद्दीविषयीचे ज्ञान हे बहुतांशी त्याच्या वेगाविषयीचे ज्ञान असते, आणि वेगाविषयीचे ज्ञान चुकले की हद्द डोळ्यांसमोर असूनही कळत नाही.

दि. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून निघालेल्या विमानाला झालेल्या अपघाताकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. या घटनेच्या दोन कथा मराठवाड्यात सांगितल्या जातात. एका कथेत दोष मालमोटारीचा, तर दुसरीत वैमानिकाचा. दोन्ही कथा अर्धवट आहेत. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी असलेली हद्द. आणि त्या हद्दीचा इतिहास धावपट्टीपेक्षा जुना आहे. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे आहे. येथे विवेचिलेल्या घटना त्यापूर्वीच्या असल्याने त्या काळच्या कागदपत्रांतील औरंगाबाद हेच नाव पुढे वापरले आहे.)

राज्याच्या भूमीवरील आकाश हे त्या राज्याच्याच मालकीचे होय, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस करारात प्रथम निःसंदिग्धपणे मांडले गेले आणि ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात ते कायम झाले. हिंदुस्थानात १९३४ चा विमान अधिनियम व त्याखालील १९३७ चे नियम यांनी त्याला देशी रूप दिले. परंतु त्या काळी औरंगाबादवरील आकाश ब्रिटिश हिंदुस्थानचे नव्हते. ते निजामाच्या राज्यावरचे होते. निजाम सरकारच्या रेल्वेने टाटांच्या सहभागाने १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली, तीत या संस्थानी आकाशाचा अभिमान थोडाफार होताच. पुढे १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबादने स्वातंत्र्याचा आग्रह धरला आणि ही आकाशातील सीमा अकस्मात राजकीय बनली. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून रात्रीच्या वेळी हैदराबाद राज्यात शस्त्रे पोहोचवीत असे. कराची व हैदराबाद यांच्यामध्ये भारताचा प्रदेश पसरला असल्याने प्रत्येक फेरीत भारताची हवाई हद्द ओलांडली जाई. तिला भारत सरकारची हरकत होती आणि पुढे इंग्लंडमध्ये कॉटनला दंडही झाला. पण फेऱ्या चालूच राहिल्या. हद्द कायद्यात होती, पण रात्रीच्या आकाशात तिच्यावर कोणाची नजर नव्हती. सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर या सीमेचे प्रयोजनच उरले नाही. डेक्कन एअरवेज १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.

राजकीय सीमा अशा रीतीने पुसली गेली, तरी आकाशातील रेघा कमी झाल्या नाहीत. उलट त्या वाढल्या. त्या आता राज्यसत्तेच्या नव्हत्या, वाहतूक नियंत्रणाच्या होत्या. देशाच्या आकाशाची मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या केंद्रांच्या अखत्यारीत उड्डाण-माहितीच्या क्षेत्रांत वाटणी झाली. औरंगाबाद मुंबईच्या क्षेत्रात आले आणि पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानांच्या दृष्टीने ते एक महत्त्वाचे गणनास्थान ठरले. तेथे ते विमान उतरत नसे. आपण औरंगाबादच्या बाजूने पुढे गेलो, एवढेच वैमानिक बिनतारी यंत्रावरून कळवी. या एका वाक्यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असे. औरंगाबाद ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर भरते. डेक्कन एअरवेजच्या काळातील डकोटा विमान ताशी सुमारे १६० नॉट, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ किलोमीटर वेगाने जाई. मिनिटभराचा हिशेब चुकला तर पाच किलोमीटरची चूक होई आणि ती सुधारण्यास अवकाश मिळे. १९६० च्या सुमारास जेट विमाने आली. त्यांचा वेग ४८० नॉटच्या घरात, म्हणजे मिनिटाला सुमारे १५ किलोमीटर. नकाशावरील रेघा, कळवण्याची पद्धत व मनुष्याच्या विचाराची गती पूर्वीचीच राहिली. चुकीची लांबी मात्र तिप्पट झाली.

या बदलाची किंमत प्रथम न्यूयॉर्कमध्ये कळली. १६ डिसेंबर १९६० रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डी. सी. ८ जेट व टी. डब्ल्यू. ए. चे कॉन्स्टेलेशन विमान यांची त्या शहरावर टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व १२८ माणसे आणि जमिनीवरील ६ अशी १३४ माणसे मृत्युमुखी पडली. जेट विमानाला प्रेस्टन नावाच्या एका बिंदूपर्यंतच येण्याची परवानगी होती. तेथे पुढील सूचना मिळेपर्यंत घिरट्या घालावयाच्या होत्या. विमान त्या बिंदूच्या पलीकडे सुमारे ११ मैल निघून गेले होते. विमानातील दोन रेडिओदर्शकांपैकी एक बिघडलेला होता, आणि हे नियंत्रकांना कळवले गेले नव्हते. शिवाय वाटेत नियंत्रकांनी विमानाला जवळचा मार्ग दिला होता. त्यामुळे प्रेस्टनपर्यंतचे अंतर जवळजवळ तितक्याच मैलांनी कमी झाले होते. मार्ग बदलला, पण तो पार करण्यास लागणाऱ्या वेळेचा अंदाज बदलला नाही, असे या प्रकरणाचे सार सांगता येईल. हद्द तेथेच होती. विमान तेथे अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचले.

या अपघाताच्या पाठोपाठ, १९६१ च्या अखेरीस, अमेरिकेच्या सरकारने उतरण्याच्या विमानतळापासून ३० सागरी मैलांच्या आत व १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा घातली. पुढे १९६७ मध्ये ती १०,००० फुटांखालील सर्व आकाशाला लागू झाली. आज जगातील बहुतेक वैमानिकांच्या जिभेवर असलेल्या या आकड्याचा उगम असा आहे. विमानाला हद्दीची जाणीव नेमकी करून देता येत नसेल, तर निदान ते हद्दीशी सावकाश पोहोचावे, एवढाच त्यामागील व्यावहारिक विचार होता. हद्द व वेग यांचा संबंध प्रथमच नियमाच्या भाषेत उतरला.

महाराष्ट्रापुरता या संबंधाचा पहिला मोठा पुरावा दीड वर्षाने मिळाला, आणि तो औरंगाबादच्या त्या कळवण्याशी थेट जोडलेला आहे. अलितालिया या इटालियन कंपनीचे डी. सी. ८ विमान सिडनीहून सिंगापूर व बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. मध्यरात्रीच्या सुमारास औरंगाबादच्या बाजूने गेल्याचे त्याने मुंबईस कळवले आणि खाली उतरण्याची अनुज्ञा मागितली. दि. ७ जुलै १९६२ च्या पहिल्या तासात ते जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ माणसे मरण पावली. मुंबईचा विमानतळ तेथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता. आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत दिशागणनेतील चुकीमुळे झाली, आणि म्हणून त्याने अकाली उतरण्यास आरंभ केला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. उपलब्ध साधनांनी आपले स्थान न पडताळणे, किमान सुरक्षित उंचीची मर्यादा मोडणे व मार्गावरील भूप्रदेशाची अपुरी ओळख ही साहाय्यक कारणे सांगण्यात आली.

८४ किलोमीटर हे अंतर पायी वा बैलगाडीने जाणाऱ्यास फार मोठे. पूर्ण वेगाने जाणाऱ्या जेट विमानाच्या दृष्टीने ते सहा मिनिटांहूनही कमी आहे. पावसाळ्यातील काळोख्या रात्री, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, उंचीची मर्यादा ही एकच हद्द वैमानिकाच्या हाती खऱ्या अर्थाने होती. बाकीच्या हद्दी अंदाजाच्या होत्या, ही मात्र त्याच्या उंचीमापकावर प्रत्यक्ष दिसत होती. तीच ओलांडली गेली. मुंबईच्या दिव्यांच्या अपेक्षेत असलेल्या माणसाला जुन्नरचे डोंगर हिशेबात धरावेसे वाटले नाहीत, हे मानवी स्वभावाला धरूनच झाले. पण नियम नेमके अशा स्वभावासाठीच केलेले असतात.

डोळ्यांवर विसंबून राहावे तर तेही धोक्याचेच, हे मुंबईनेच दोनदा दाखवले. जुलै १९५३ मध्ये बी. ओ. ए. सी. चे कॉमेट विमान सांताक्रुझऐवजी शेजारच्या जुहू येथील लहान धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डी. सी. ८ विमानाने तीच चूक केली, आणि ते धावपट्टीच्या पलीकडे घसरत गेले. दोन्ही वेळा वैमानिकाला धावपट्टी स्पष्ट दिसली होती. दिसलेली धावपट्टी दुसरी होती, इतकेच.

येथे वेगाच्या मापनाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण पुढील विवेचन त्यावर आधारलेले आहे. विमानाचा वेगमापक जमिनीवरील वेग दाखवीत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून तो वेग सांगतो. हवा विरळ असेल तर तोच दाब निर्माण होण्यास विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने जावे लागते. म्हणून १०,००० फुटांवर मापकावर २५० नॉट दिसत असतील, तर विमान सर्वसाधारण हवेत २९० नॉटच्या आसपास जात असते. वेगमर्यादेचा नियम मापकावरील आकड्याला उद्देशून आहे, खऱ्या वेगाला नव्हे. पंखांना आधार देणारी शक्ती त्याच दाबावर अवलंबून असल्याने विमान हवेत ठेवण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु हद्द जमिनीला बांधलेली असते. ती मापकावरील आकड्याने नव्हे, तर खऱ्या वेगाने जवळ येते. याच कारणाने १०,००० फुटांची रेघही सर्वत्र सारखी नाही. ती समुद्रसपाटीपासून मोजतात. दख्खनच्या पठारावर, जेथे औरंगाबादचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे, तेथे जमिनीपासून ती ८,१०० फुटांवर येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या १९९० पासूनच्या वर्गीकरणानुसार आकाशाचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांतील खालचे वर्ग भारतात वापरले जातात, आणि त्यांत ही वेगमर्यादा लागू आहे. वर्गाची अक्षरे वैमानिकाला पाठ असतात. त्या अक्षरांमागचा हा हवेचा हिशेब मात्र त्याला प्रत्येक उड्डाणात नव्याने करावा लागतो.

विमान जमिनीवर असतानाही हा हिशेब चुकत नाही. किंबहुना तेथे तो अधिक कठोर होतो. उड्डाणापूर्वी वैमानिक तीन वेग निश्चित करतो. पहिला निर्णयवेग. त्याच्या आत काही बिघाड आढळला तर थांबता येते. त्यानंतर उरलेल्या धावपट्टीत थांबणे शक्य नसते, म्हणून उडावेच लागते. दुसरा वेग नाक उचलण्याचा, आणि तिसरा हवेत गेल्यावर सुरक्षितपणे चढण्याचा. हे तीनही आकडे विमानाचे वजन, तपमान, वारा, विमानतळाची उंची व धावपट्टीची लांबी यांवरून कोष्टकांतून काढले जातात आणि वेगमापकाच्या कडेवरील खुणांनी दाखवले जातात. धावपट्टी किती उरली, हे वैमानिक पाहत बसत नाही. खूण आली की नाक उचलतो. धावपट्टीच्या टोकाची हद्द येथे त्या खुणेत साठवलेली असते. सहवैमानिकाने वेग मोठ्याने सांगावयाचा व मुख्य वैमानिकाने त्याप्रमाणे कृती करावयाची, या पद्धतीचे कारणही हेच. हद्दीचे अवधान दोन माणसांत वाटून दिलेले असते.

इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण २६ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर व औरंगाबादमार्गे मुंबईस जावयाचे होते. विमान बोइंग ७३७ जातीचे, २०० मालिकेतील होते. औरंगाबादहून निघताना त्यात ११८ माणसे होती : ११२ उतारू व ६ कर्मचारी. धावपट्टी सुमारे ६,००० फूट लांबीची. तिच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता आडवा जात होता. विमान धावपट्टीच्या जवळजवळ शेवटी जमीन सोडून वर उठले, आणि त्याच वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी घेऊन एक मालमोटार चालली होती. विमानाची डावी मुख्य चाके, डाव्या इंजिनाच्या आवरणाचा खालचा भाग व गती रोखणारे यंत्र मालमोटारीच्या डाव्या बाजूवर आदळले. ही धडक रस्त्याच्या पातळीपासून सुमारे ७ फुटांवर झाली. त्यानंतर विमान काही काळ हवेत राहिले, पण धावपट्टीच्या ईशान्येस सुमारे ३ किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारांना लागून जमिनीवर कोसळले. ५५ माणसे मरण पावली, ६३ वाचली.

एप्रिलच्या अखेरीस मराठवाड्यात दुपारची हवा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. सुमारे १,९०० फूट उंची व ४० अंश तपमान ही दोन्ही एकत्र धरली, तर हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेच्या सुमारे ८६ टक्के राहते. मापकावर १३० नॉटचा आकडा येण्यास विमानाला प्रत्यक्षात १४० नॉटच्या आसपास पोहोचावे लागते. (१३० हा आकडा येथे केवळ उदाहरणादाखल घेतला आहे, त्या दिवशीच्या विमानाचा तो नव्हे.) वाढीव वेग गाठण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इंजिनांनी तेवढाच जोर दिला असे मानले तरी धाव सुमारे १६ टक्क्यांनी लांबते. आणि तापलेल्या विरळ हवेत जेट इंजिनांचा जोरही कमी होतो. थंडीच्या दिवसांत ऐसपैस वाटणारी धावपट्टी उन्हाळ्यात अशा रीतीने आखूड होते, तिच्या लांबीत एका फुटाचाही फरक न पडता. १४० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे २३६ फूट. खूण आल्यानंतर नाक उचलण्यास दोन सेकंद उशीर झाला तर ४७० फुटांची धावपट्टी संपते. उशीर हा शब्द बोलीत जितका लहान वाटतो तितका तो येथे लहान नाही.

चौकशीत अपघाताची संभाव्य कारणे दोन सांगण्यात आली. वैमानिकांनी नाक उचलण्यास उशीर केला व उचलण्याची पद्धत चुकीची वापरली, हे पहिले. आणि उड्डाणाच्या वेळांत बीड रस्त्यावरील वाहनांची रहदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने नियंत्रित केली नाही, हे दुसरे. ही दोन कारणे एका वाक्यात शेजारी ठेवलेली आहेत, आणि पुढील लेखनात बहुधा त्यांतील एकच उचलले जाते. वर्तमानपत्री कथनात मालमोटारीचे चित्र ठसठशीत असल्याने ती नायकाच्या जागी येऊन बसते. वैमानिकी व्यवसायातील चर्चेत नाक उचलण्याची पद्धत पुढे येते, कारण शिकवण्याजोगे तेवढेच असते. इतिहासाच्या अभ्यासकाने ही निवड टाळावयास हवी. रस्ता मोकळा असता तर ते विमान कदाचित उशिरा उठूनही निघून गेले असते; आणि विमान वेळेवर उठले असते तर मालमोटार त्याच्या खालून सुखरूप गेली असती. दोन्ही विधाने सारखीच खरी आहेत. एकाने दुसरे रद्द होत नाही.

या दोन कारणांचे स्वरूप मात्र सारखे नाही, आणि विचार करण्यासारखी गोष्ट येथेच आहे. वैमानिकाची हद्द आकड्यात बांधलेली होती. चूक झाली ती त्या आकड्याप्रमाणे वागण्यात. आकडा कोणता, तो कोणी ठरवावा व कोणी मोठ्याने सांगावा, हे सारे निश्चित होते. रस्त्याच्या बाजूस तसे काहीच नव्हते. मालमोटारीच्या चालकाला, आपण एका धावपट्टीच्या समोरून जात आहोत याचे ज्ञान असणे शक्य होते. पण कोणत्या क्षणी जाऊ नये हे सांगणारी खूण त्याच्यापुढे नव्हती. रेल्वेच्या फाटकापाशी जे घडते ते विमानतळाच्या कुंपणापाशी घडत नव्हते. गाडी येण्यापूर्वी फाटक बंद होते, म्हणजे रूळ व रस्ता यांची हद्द काळात आखली जाते, केवळ जागेत नव्हे. चौकशीच्या निष्कर्षातील ‘उड्डाणाच्या वेळांत’ हे शब्द नेमके याच काळातील हद्दीकडे बोट दाखवतात.

कायद्याची त्या वेळची स्थितीही या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. विमानतळाच्या परिसरातील अडथळ्यांचा विचार कायद्याने केला नव्हता असे नाही. १९३४ च्या विमान अधिनियमात १९७२ मध्ये कलम ९ अ घालण्यात आले. त्यानुसार विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या परिसरात इमारती बांधणे, इतर बांधकाम उभारणे व झाडे लावणे यांवर निर्बंध घालण्याचा, तसेच असलेल्यांची उंची कमी करविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. अधिकार व्यापक आहे. पण इमारत, बांधकाम व झाड ही तिन्ही एका जागी उभी राहणारी आहेत. गाठी भरलेली मालमोटार यांपैकी काहीच नव्हे. ती काही क्षणांपुरता अडथळा होते आणि मग अडथळा राहत नाही. अमेरिकेच्या नियमांत या अडचणीतून वेगळा मार्ग काढलेला आढळतो. तेथे विमानमार्गातील अडथळ्यांचा हिशेब करताना सार्वजनिक रस्ता हाच १५ फूट उंचीचा अडथळा धरतात, मोठ्या राष्ट्रीय महामार्गासाठी १७ फूट, आणि लोहमार्गासाठी २३ फूट. रस्त्यावर त्या क्षणी वाहन आहे की नाही, हा प्रश्नच त्यात उरत नाही; ते आहे असे गृहीत धरूनच धावपट्टीचा उपयोग ठरवावयाचा असतो. चिकलठाणा येथील धडक रस्त्यापासून ७ फुटांवर झाली, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक किती मूलभूत आहे ते ध्यानात येते.

एक आक्षेप येथे घेता येईल. धावपट्टीचे टोक व आकाशातील हद्द या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांना एका मालिकेत बसवणे ओढूनताणून होईल, असे कोणी म्हणेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. जुन्नर येथे वैमानिकाला आपले स्थान माहीत नव्हते. चिकलठाणा येथे स्थानाविषयी कोणतीही शंका नव्हती. तथापि दोन्ही ठिकाणी हद्द प्रत्यक्ष दर्शनाने नव्हे, तर एका आकड्याच्या द्वारा कळावयाची होती, आणि दोन्ही ठिकाणी तो आकडा उपलब्ध असूनही कृतीत उतरला नाही. फरक आहे तो हद्दीच्या पलीकडील बाजूचा. जुन्नरच्या डोंगराला कोणी कचेरी नव्हती. बीडच्या रस्त्यावर मात्र अनेक कचेऱ्यांचा अधिकार चालत होता आणि धावपट्टीवर एका निराळ्याच कचेरीचा. वेगाचा अंमल कुंपणाच्या आत होता, रहदारीचा कुंपणाबाहेर; आणि ज्या क्षणी विमान कुंपण ओलांडते त्या क्षणाची जबाबदारी या दोहोंच्या मधोमध पडून राहिली होती.

पुढील काळात आकाशातील हद्दीची व्यवस्था यंत्राच्या साहाय्याने पुष्कळ सुधारली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ व कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. कझाक विमानाला १५,००० फुटांची पातळी दिलेली असताना ते सौदी विमानाच्या १४,००० फुटांच्या पातळीवर उतरले होते. त्यानंतर भारताच्या आकाशात उडणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र बसवणे बंधनकारक करण्यात आले. हे यंत्र समोरच्या विमानातील तशाच उत्तर देणाऱ्या साधनाशी बोलते आणि वैमानिकाला चढण्याची वा उतरण्याची आज्ञा देते. उभ्या दिशेतील हद्द अशा रीतीने वैमानिकाच्या कानाशी येऊन पोहोचली. चिकलठाणासारख्या प्रसंगी मात्र या यंत्राचा काही उपयोग नाही. उत्तर देणारे साधन विमानात असते, कापसाच्या गाठी नेणाऱ्या मालमोटारीत नसते.

ज्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणावर चौकशीने रहदारीविषयी ठपका ठेवला, ते १९८६ मध्ये स्थापन झाले होते. अपघातानंतर दोन वर्षांनी, १ एप्रिल १९९५ रोजी, ते आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात मिळून भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. आणि चिकलठाण्याच्या कुंपणाच्या आतील बाजू त्या नव्या संस्थेकडे गेली.